तपासणी पुरुषाची

मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला. पहिली बायको हयात असताना हिंदू पुरुषाने दुसरी केली, तर तो गुन्हा ठरू लागला. पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या खटल्यात त्या कायद्यालाच आव्हान मिळाले. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे जे युक्तिवाद झाले, त्यांतला एक घराघरांत ऐकू येणारा होता. हिंदूला सद्गतीसाठी पुत्र लागतो, पहिलीला तो झाला नाही तर दुसरी करणे हा धर्माचाच भाग आहे, मग सरकार त्यात कसे पडते? छागलांनी दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. पुत्राची गरज धर्म सांगतो हे खरे, पण तोच धर्म दत्तकाची सोयही सांगतो. तेव्हा एकाच बायकोच्या संसारात वंश चालू शकतो, असे त्यांनी म्हटले. कायदा टिकला.

हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणांसाठी पाठ असतो. मला त्यात दिसतो तो एक न विचारलेला प्रश्न. पहिलीला मूल का झाले नाही? कोर्टापुढे हा प्रश्न नव्हता, त्यामुळे न्यायमूर्तींना बोल लावण्याचे कारण नाही. पण तो समाजापुढेही नव्हता, वैद्यापुढे नव्हता आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे तर नव्हताच.

घोडनदीच्या काठच्या गावांत मुलासाठी दुसरी करण्याचा हा रिवाज कसा चालायचा, हे शिरूर-दौंडकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि कूस उजवली नाही, की आधी नवस. रांजणगावच्या महागणपतीला, जेजुरीच्या खंडोबाला, भीमेपलीकडे सिद्धटेकला. मग उपास, मग गंडेदोरे, मग सुईणीची औषधे. आणि मग एक दिवस बैठक बसायची आणि ‘दुसरी’ ठरायची. पुष्कळदा पहिलीचीच धाकटी बहीण सवत म्हणून घरात यायची. पहिली स्वतःच माहेरी जाऊन तिला मागायची, कारण परकी सवत येण्यापेक्षा ते बरे. दुसरीलाही दिवस गेले नाहीत, तर घराण्याला शाप आहे असे म्हणत. कारभारी तोवर धडधाकट, मिशीला पीळ भरून, पारावर बसलेला. दोन बायकांची कूस रिकामी राहिली, तर दोघींत समान असलेली गोष्ट एकच आहे, हे गणित कुणी मांडायचे नाही.

राजघराण्यांतही तेच. सातारच्या थोरल्या शाहू महाराजांना राण्या होत्या, पण गादीवर बसायला मुलगा उरला नाही. १७४९ मध्ये ते गेले आणि दत्तक रामराजा गादीवर आला. १८४८ मध्ये सातारचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब औरस वारसाविना वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले गेले, तिथेही हेच झाले. या माणसांच्या शरीरात काय कमी-जास्त होते, हे आज कुणीच सांगू नये. तसे करणे अन्यायाचे होईल. पण राज्ये जाण्याइतकी ही गोष्ट मोठी असताना राजाला तपासावे, असा विचार दरबारच्या कोणत्या वैद्याने मांडल्याचे ऐकिवात नाही.

आणि ज्ञान नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. सुश्रुताने गर्भ राहण्यासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, असे सांगून ठेवले आहे. आयुर्वेदात शुक्राचे आठ दोष मोजले आहेत. अंडकोषाच्या सुजेचे, म्हणजे ‘वृद्धी’चे, सुश्रुताने सात प्रकार केले आहेत. पुरुषाचे बीज खराब असू शकते, हे ग्रंथात होते. घरात मात्र फक्त क्षेत्राची, म्हणजे बाईच्या कुशीची, चर्चा झाली.

तिकडे रोममध्ये, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सेल्सस नावाच्या लेखकाने एक बारीक निरीक्षण नोंदवले. वृषणावरच्या शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात, आणि त्या बाजूचे वृषण पोषण कमी पडून लहान होते. आज ज्याला आपण व्हेरिकोसील म्हणतो, तेच हे. पायाच्या पोटऱ्यांवर नसा फुगतात त्याच जातीचा हा विकार, जागा वेगळी. वृषणातले रक्त वर नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली साचते. हे बहुतेक डावीकडेच होते. उजवी शीर थेट मोठ्या महाशिरेला तिरकी मिळते, डावी मात्र लांबचा पल्ला गाठून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन भिडते, म्हणून तिच्यात दाब जास्त. निसर्गाने वृषणे पोटाबाहेर टांगली ती त्यांना अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड ठेवण्यासाठी. तुंबलेले गरम रक्त ही थंडाई मोडते, आणि शुक्राणू तयार होण्याच्या कामात बिघाड होतो.

सेल्ससनंतर जवळजवळ अठराशे वर्षे या विकाराचा मुलाबाळांशी संबंध कुणी ठामपणे जोडला नाही. त्याची विचारपूस होई ती दुखण्यासाठी, आणि सैन्यभरतीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यात भरतीला आलेल्या तरुणांना ज्या कारणांनी परत पाठवत, त्यांत व्हेरिकोसील होते. खोगिरावर तासन्‌तास बसणारा किंवा ओझे घेऊन कोसच्या कोस चालणारा शिपाई यामुळे मागे पडेल, अशी समजूत. शिरूर तेव्हा ब्रिटिशांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच निघून दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेपुढे उभी राहिली. पूना हॉर्स हे घोडदळही पुढे दीर्घकाळ शिरूरला होते. छावणी म्हणजे शिपाई, आणि शिपाई म्हणजे वैद्यकीय तपासणी. पुरुषाचे कपडे उतरवून त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासण्याचा प्रघात आपल्याकडे पडला तो फौजेमुळे. तो बाप होऊ शकेल का, हे मात्र फौजेला जाणून घ्यायचे नव्हते.

१८८५ हे साल मला फार बोलके वाटते. त्या वर्षी लंडनच्या रिचर्ड बारवेल या शल्यविशारदाने ‘लॅन्सेट’मध्ये व्हेरिकोसीलच्या १०० रुग्णांवर तारेच्या फासाने केलेल्या उपचारांचा वृत्तांत दिला. फुगलेल्या शिरांभोवती त्वचेखालून तार घालून ती आवळत न्यायची, अशी ती पद्धत. याच वर्षी पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्यात शिरूरच्या कर्नल वॉलेसच्या थडग्याची नोंद आहे. १८०९ मध्ये वारलेला हा इंग्रज अधिकारी गावकऱ्यांच्या लेखी सत्पुरुष झाला होता. सुगीच्या दिवसांत आसपासचे लोक त्याला नव्या धान्याचा नैवेद्य आणत. घरात सुबत्ता नांदावी म्हणून शिरूरकर परक्या साहेबापुढेही हात जोडत होते, आणि त्याच साहेबाच्या देशात शिरा आवळण्याचे प्रयोग चालू होते. चारच वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनच्याच बेनेटने शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाचे वीर्य सुधारल्याचे लिहिले. पण ते निरीक्षण बाजूलाच पडले. शुक्राणू मोजण्याची धड पद्धतच तेव्हा रूढ नव्हती. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी मोजणीचा अभ्यास प्रसिद्ध केला तो १९२९ मध्ये.

या काळात मराठीत पुरुषाच्या शरीराबद्दल उघडपणे बोलणारा माणूस एकच दिसतो, रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र उघडले होते. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी गेली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांनी स्वतःवर नसबंदी करून घेतली होती. मूल नको, हा त्यांचा आणि पत्नी मालतीबाईंचा निर्णय होता.

मूल नको म्हणणाऱ्या माणसाचा मूल न होण्याच्या इतिहासात काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध फार जवळचा आहे. परम्यासारख्या गुप्तरोगाने पुरुषाच्या शुक्रवाहक नळ्या बुजतात आणि वरून धडधाकट दिसणारा नवरा मूल देऊ शकत नाही, हे त्या काळच्या वैद्यकाला माहीत होते. गुप्तरोगांविषयी मराठीत सरळ भाषेत लिहून ठेवण्याचे काम कर्व्यांनी केले. वाचकांच्या खासगी शंकांना त्यांनी नियतकालिकातून उत्तरे दिली. पुरुषाच्या अवयवांची नावे छापण्यापुरतीही हिंमत लागायची, असा तो काळ होता. पुरुषाची तपासणी होण्याआधी पुरुषाविषयी बोलता येणे गरजेचे होते, आणि ती वाट कर्व्यांनी एकट्याने मोकळी केली. त्यांचे हे ऋण पुरेसे मोजले गेलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

१९५२ मध्ये एडिंबरोच्या सेल्बी टुलॉक या डॉक्टरने एक प्रकरण प्रसिद्ध केले. एका माणसाच्या वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. दोन्ही बाजूंना व्हेरिकोसील होते. शिरा बांधल्यावर शुक्राणू दिसू लागले आणि पुढे त्याच्या बायकोला दिवस गेले. या एका माणसामुळे जगभरच्या शल्यविशारदांचे लक्ष वळले. मुंबईच्या कोर्टात ‘दुसरी करू द्या’ हा युक्तिवाद फेटाळला गेल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसऱ्या लग्नाची वाट देशभर बंद केली. म्हणजे एक वाट बंद होत असतानाच दुसरी उघडत होती. गावाकडच्या माणसाला मात्र बंद झालेली तेवढी कळली.

मुंबईचे डॉक्टर काही मागे नव्हते, हे सांगायला हवे. डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी नसबंदी झालेल्या पुरुषांच्या नळ्या पुन्हा जोडण्याच्या ७६ शस्त्रक्रियांचा अनुभव १९६७ मध्ये अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त प्रसिद्ध केला. ८३ टक्के पुरुषांत शुक्राणू परत दिसले, ५५ टक्क्यांच्या घरी पाळणा हलला. भिंगाखाली बारीक टाके घालण्याची सूक्ष्मशस्त्रक्रिया अजून या कामात यायची होती, तेव्हाचे हे आकडे आहेत.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९७३ चा एक छोटा लेख. मुंबईच्या डॉ. ए. एम. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फर्टिलिटी अँड स्टेरिलिटी’ या मासिकात लिहिले, की देवीचा रोग हे पुरुषाच्या वंध्यत्वाचे एक कारण आहे. देवी आल्या की चेहऱ्यावर व्रण राहतात, डोळे जातात, हे सगळे गाव जाणत होते. पण तोच रोग वृषणाला लागून असलेल्या शुक्राणूवाहक नळीत सूज आणून तिचे तोंड कायमचे बंद करतो, हे कुणी जाणत नव्हते. वृषण काम करत राहते, शुक्राणू तयार होतात, आणि बाहेर यायची वाट बंद. माणूस बाकी सर्व बाबतींत इतरांसारखाच. देवीच्या डॉक्टरापासून पोरे लपवणाऱ्या, आणि रोग आला की शीतळादेवीची शांत करणाऱ्या गावांत किती घरांवर हा घाला पडला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तोंडावर व्रण नवऱ्याच्या आणि ‘हिला मूल होत नाही’ हा बोल बायकोला. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. बालमृत्यू थांबवणाऱ्या त्या लसीने पुढच्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांचे बापपणही वाचवले. लसीकरणाच्या इतिहासात ही ओळ सहसा नसते.

त्याच वर्षांत एक मोठे नुकसान झाले. मुंबई महापालिकेच्या कुटुंबनियोजनाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै यांनी १९६० नंतरच्या दशकात रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रे थाटली होती. तिथे येणारा माणूस निदान स्वतःच्या पायांनी तरी येत होता. आणीबाणीत ते चित्र पालटले. १९७६ च्या जानेवारीत बार्शीत माणसे रस्त्यावरून उचलून नेऊन त्यांची नसबंदी केली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण धसका बसायचा तो बसला. दौंड काही बार्शीपासून फार दूर नाही. बाजारच्या दिवशी सरकारी गाडी दिसली की माणसे उसाच्या फडात शिरत, अशा आठवणी त्या पिढीकडे आहेत. त्यानंतर नसबंदीचा सगळा भार बायकांवर गेला आणि पुरुषाच्या मनात मांडीच्या सांध्याजवळच्या कोणत्याही शस्त्रक्रियेविषयी भीती घर करून बसली. व्हेरिकोसीलचा छेद नेमका तिथेच येतो. ‘शिरा बांधायच्या’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘नस बांधायची’ असेच ऐकू येते. एक शस्त्रक्रिया बाप होणे थांबवते, दुसरी बाप होण्यासाठी करतात. हा फरक समजावण्याचे काम पुढच्या डॉक्टरांना घरोघरी करावे लागले, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. १९९२ मध्ये ब्रसेल्सहून बातमी आली, की एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडूनही गर्भ राहतो. पुढे ही सोय पुण्या-नगरपर्यंत आली. तिचा एक परिणाम मात्र विचार करायला लावणारा आहे. शुक्राणू थोडे असले तरी भागते म्हटल्यावर ते थोडे का आहेत, हे शोधण्याची निकड कमी झाली. बिघाड नवऱ्यात, आणि इंजेक्शने, स्त्रीबीज काढणे, भूल हे सगळे बायकोच्या वाट्याला.

तपासणी खरे तर साधी आहे. खोली ऊबदार हवी, पुरुष उभा हवा. डॉक्टर श्वास रोखून जोर करायला सांगतात आणि बोटांनी चाचपतात. मोठे व्हेरिकोसील हाताला पिशवीतल्या गांडुळांसारखे लागते, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. वीर्याचा नमुना अर्ध्या तासात पातळ होतो, मग चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. नमुना एकदा कमी आला म्हणून निकाल द्यायचा नसतो. काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचे.

दर शंभर पुरुषांत सुमारे पंधराजणांना व्हेरिकोसील असते आणि त्यांतले पुष्कळजण कसलाही उपचार न घेता बाप होतात. म्हणून दिसली फुगलेली शीर की चालव सुरी, हे चूक. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये ९,०३४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला: वीर्य सदोष असलेल्यांत २५.४ टक्के, निर्दोष असलेल्यांत ११.७ टक्के व्हेरिकोसील आढळले. संबंध आहे, पण एकास एक नाही. २००३ मध्ये एव्हर्स आणि कॉलिन्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या शस्त्रक्रियेचा मूल होण्यासाठी उपयोग होतो याला पुरावा नाही, असे लिहिले. त्यावर मोठा वाद झाला, कारण त्यांनी घेतलेल्या अभ्यासांत हाताला न लागणाऱ्या शिरांचे रुग्णही धरलेले होते. आज बहुतेक तज्ज्ञांचे ज्यावर एकमत आहे ते असे: शीर हाताला लागत असेल, वीर्यात दोष असेल, बायकोच्या बाजूने अडचण नसेल किंवा दूर करता येणारी असेल, तर शस्त्रक्रिया करावी. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून शिरा बांधतात, रोहिणी आणि रसवाहिन्या वाचवतात. रसवाहिन्या तुटल्या तर अंडकोषात पाणी साचते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिन्यांआधी पुन्हा मोजणी करण्यात अर्थ नसतो. या तीन महिन्यांत घरचे धीर सोडतात आणि बाबा-बुवांकडे जातात, ही अडचण शस्त्रक्रियेपेक्षा मोठी आहे.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात मात्र हा शब्द घरोघरी पोचला तो दवाखान्यातून नाही, मैदानातून. पहाटे अंधारात रस्त्याकडेने धावणारी पोरे इथल्या प्रत्येक गावात दिसतात. कुणाला फौजेत जायचे असते, कुणाला पोलिसांत. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट दारातच आहेत. धावणे, छाती, उंची सगळे पार करून पोरगा मेडिकलला उभा राहतो आणि कागदावर ‘व्हेरिकोसील, अनफिट’ असा शेरा येतो. दोनशे वर्षांपूर्वी छावणीतल्या साहेबाने लावलेली चाळणी अजून तशीच आहे. पोरगा घरी येतो, बाप कर्ज काढतो, पुण्यात किंवा नगरला ऑपरेशन होते, जखम भरली की पोरगा पुन्हा बोर्डापुढे जातो. मित्रमंडळींत त्याची चर्चाही होते, लाज वाटत नाही, कारण ते नोकरीसाठी आहे. वीस वर्षांच्या मुलांनी या दुखण्याचे नाव एकमेकांना सांगावे, ही गोष्ट रघुनाथराव कर्व्यांना फार आवडली असती.

पण भरतीच्या कागदावर दोनच शब्द असतात, फिट आणि अनफिट. ही शीर पुढे तुझ्या बाप होण्याशी संबंधित असू शकते, लग्नानंतर मूल व्हायला वेळ लागला तर आधी तू वीर्य तपासून घे, बायकोला एकटीला दवाखान्यांतून फिरवू नकोस, असे त्या मुलाला तिथे कुणी सांगत नाही. ऑपरेशनआधी वीर्याची तपासणीही बहुतेक वेळा होत नाही, कारण ती मागितलेलीच नसते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एवढे पाच मिनिटांचे बोलणे सुरू केले आणि त्या मुलाच्या फायलीत मोजणीचा एक कागद जोडला, तर आठ-दहा वर्षांनी त्याच घरातल्या एखाद्या सुनेच्या नावाने बैठक बसायची वेळ येणार नाही.